एक्केचाळीस मिनिटांची स्वच्छ प्रत

तीन दिवस कोर्टात एका दारावर वाद चालला होता, आणि तिसऱ्या दिवशी बचावाच्या वकिलांनी खिशातून पट्टी काढली.

टेबलावर अंतराळ स्थानकाचं प्लास्टिकचं मॉडेल ठेवलेलं होतं. दोन जाड नळकांडी, पुढचं एका देशाचं, मागचं दुसऱ्या देशाचं, आणि मध्ये एक दार. खेळण्यांच्या दुकानातून उचलून आणल्यासारखं दिसायचं. त्याचे पंख सारखे गळून पडत आणि कोर्टाचा शिपाई ते डिंकाने पुन्हा चिकटवून ठेवी. वकीलसाहेबांनी दाराच्या चौकटीवर पट्टी धरली आणि न्यायमूर्तींना समजावून सांगितलं, की प्रत्यक्षात ही चौकट चाळीस सेंटिमीटर जाड आहे, त्यातले बावीस सेंटिमीटर मागच्या देशाचे आणि अठरा पुढच्या देशाचे. मग आपण फार मोठं काहीतरी शोधून काढलं अशा थाटात त्यांनी पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. नऊ माणसं गुदमरून मेली होती आणि हा गृहस्थ चौकट मोजत होता.

मी या कोर्टात बावीस वर्षं प्रतिलेखक आहे. जे बोललं जातं ते ऐकायचं आणि लिहायचं, एवढंच माझं काम. कोर्टात बोललेलं तिथल्या तिथे, आणि पुराव्यात आलेली ध्वनिमुद्रणं आमच्या खोलीत हेडफोन लावून, प्रत्येक दोनदा. विभागात मला 'कान' म्हणतात. 'कानांना विचारा', 'कान आज रजेवर आहेत' असं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट थोडी ऐटच होती. दोघं एकदम बोलत असले, तिसरा पुटपुटत असला आणि मागे पंखा घरघरत असला, तरी कोण काय म्हणालं ते मी वेगळं काढून देते. न्यायमूर्ती माझ्या प्रतीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. काही जण दुपारच्या सत्रात नुसतेच डोळे मिटतात.

प्रकरण तसं सोपं होतं. अवघड केलं ते वकिलांनी. स्थानकावरच्या टाक्या घासायला आणि गाळण्या बदलायला माणसं नेली होती, आठ महिन्यांच्या करारावर. आठाचे बावीस महिने झाले तरी परतीचं यान येईना. विचारलं की ठरलेलं उत्तर, पुढच्या खेपेला. शेवटी नऊ जणांनी सांगितलं, की यान दिसल्याशिवाय आता कामाला हात लावणार नाही. स्थानकाच्या अधिकाऱ्याने त्यांना एका बोळात कोंडलं, दोन्हीकडची दारं लावली आणि आतली हवा हळूहळू उपसायला घेतली. 'वठणीवर येईपर्यंत' हे त्याचेच शब्द, दुसऱ्या एका मुद्रणावर आहेत आणि ते मीच लिहिलेत. माणसं वठणीवर आली नाहीत, मेली. मग प्रेतं मागच्या थंड गोदामात हलवली आणि कॅमेऱ्यांत टिपलेलं सगळं पुसून टाकलं.

आता कायदा. अंतराळ कुणाच्या बापाचं नाही, हे सगळ्या देशांनी मिळून लिहून ठेवलं आहे. पण वर पाठवलेली वस्तू ज्या देशाच्या दप्तरी नोंदलेली असते, त्या देशाची सत्ता तिच्या आत चालते. आमचं कोर्ट मानवतेविरुद्धचे गुन्हे चालवतं, पण ज्यांनी आमच्या करारावर सही केली त्यांच्या हद्दीतले. स्थानकाचा पुढचा भाग सही केलेल्या देशाचा. मागचा भाग सही न केलेल्या देशाचा, आणि अधिकारीही त्याच देशाचा. म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर येऊन अडला, की माणसं मेली कुठे? पुढच्या भागातल्या बोळात मेली असतील तर खटला चालणार. मागच्या गोदामात मेली असतील तर अधिकारी संध्याकाळच्या विमानाने घरी, आणि घरी त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. अशी माणसं अडकवून ठेवलेली आणखी सात स्थानकं होती. हा खटला उभा राहिला तर त्यांचेही राहणार होते.

तो अधिकारी समोरच बसायचा. सुकट चेहऱ्याचा माणूस, सारखा चष्मा पुसणारा. बँकेत रांगेत आपल्यापुढे उभा असता तर आपण त्याला पेन मागितलं असतं, असा. त्याचं म्हणणं, की त्याने त्या नऊ जणांना मागच्या गोदामात 'शांत होण्यासाठी' ठेवलं होतं आणि तिथली हवेची नळी आपोआप बिघडली. बोळात कुणी नव्हतंच.

आणि पट्टी खिशात ठेवल्यावर वकीलसाहेबांनी माझी प्रत उघडली. बोळात चौथ्या दाराशी, म्हणजे मॉडेलमधल्या त्याच दाराशी, भिंतीवर इंटरकॉम आहे. तो कायम चालू असतो आणि त्यातला आवाज आपोआप पृथ्वीवर पाठवला जातो. अधिकाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढं पुसायचं राहिलं. त्या वेळचं एक्केचाळीस मिनिटांचं मुद्रण कोर्टाकडे आलं होतं. पान दोनशे बारा. वकीलसाहेबांनी सावकाश वाचलं, 'चौथे दार, पुढची बाजू. संभाषण नाही. एक्केचाळीस मिनिटे.'

मग ते न्यायमूर्तींकडे वळले.

"नऊ माणसं बोळात कोंडलेली आहेत. हवा संपत चाललीय. समोर इंटरकॉम चालू आहे. आणि एक्केचाळीस मिनिटांत कुणी एक शब्द बोलत नाही? वाचवा म्हणत नाही, शिवी देत नाही? कारण उघड आहे. तिथे कुणी नव्हतं."

फिर्यादी पक्षाच्या वकीलबाई उठल्या, कागद चाळले आणि खाली बसल्या. मूळ मुद्रण त्यांनी ऐकलंच नव्हतं, कुणीच ऐकलं नव्हतं. स्थानकाच्या यंत्रांचे आवाज गुप्त आहेत असं सांगून मागच्या देशाने अट घातली होती, की मुद्रण फक्त कोर्टाच्या प्रतिलेखकाने ऐकायचं आणि मग सील करायचं. साऱ्या जगात ते ऐकलेली मी एकटी होते. पान दोनशे बाराखाली माझी सही होती.

त्या मुद्रणावर संभाषण नव्हतं, हे खरंच आहे. ठोकणं होतं.

आमच्या विभागात नियम सात नावाची एक गोष्ट आहे. फार वर्षांपूर्वी एका साक्षीदाराच्या जबानीत आम्ही एकशे बारा वेळा 'साक्षीदार खोकतो' असं लिहिलं आणि तेव्हाचे न्यायमूर्ती भडकले. मी जबानी वाचतोय की दवाखान्याचा कागद, म्हणाले. तेव्हापासून स्वच्छ प्रत. खोकला, उसासा, रडणं, खुर्ची सरकणं, दार आपटणं, जे शब्द नाही ते सगळं गाळायचं. शांतता फक्त मिनिटांत नोंदायची. नव्या पोरी आल्या की मी त्यांना कौतुकाने सांगायची, की आपल्या प्रतीत कुणी खोकत नाही. बावीस वर्षांत माझ्या प्रतीत कुणी रडलंही नाही. आणि आमच्याकडे येणारे खटले कसले असतात ते सांगायला नको. आज ते आठवलं की मला माझ्या त्या कौतुकाची किळस येते.

चौदा महिन्यांपूर्वी मी ते मुद्रण ऐकलं तेव्हा मनाला सांगितलं की हा पंप असेल. दोन ठोके, मध्ये थोडा वेळ, मग एक. दोन आणि एक. पंप असाच चालतो, असं मी ठरवून टाकलं. पण पंप दमत नाही. हे ठोके पंचविसाव्या मिनिटानंतर दमले. आधी चार-पाच हात असावेत, मग दोन, मग एकच. अडतिसाव्या मिनिटाला तोही थांबला. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी फक्त कळून घेतलं नाही, कारण नियम सात होता आणि नियम सातमध्ये ते बसत होतं.

तिसऱ्या दिवशी कोर्ट उठल्यावर मी खालच्या मजल्यावरच्या प्रसाधनगृहात तोंडावर पाणी मारत होते. शेजारच्या बेसिनवर ती येऊन उभी राहिली. आम्ही तिला 'मागच्या बाकावरची' म्हणायचो. मेलेल्यांपैकी एकाची बहीण, एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री करायची. रोज तेच राखी जाकीट, पण इस्त्री अशी की बाहीच्या घडीने बोट कापावं. तीन दिवस ती एकटीच येऊन बसत होती, कारण बाकीच्या आठांच्या घरच्यांना परवडत नव्हतं.

पक्षकारांशी बोलायला आम्हाला मनाई आहे. तिलाही ते माहीत असावं, कारण ती आरशाकडे बघून बोलली.

"ते तुम्हीच ऐकलंय ना, ताई?"

मी म्हटलं, की मला बोलता येत नाही.

"नका बोलू. त्या वकिलाला एवढंच सांगायला हवं होतं कुणीतरी, की ते बोलणारच नाहीत. शिकवलेलंच असतं त्यांना. हवा कमी झाली की बोलायचं नाही, बोलण्यात हवा जाते. ठोकायचं. दोन आणि एक, म्हणजे आम्ही जिवंत आहोत. जायच्या आधी त्याने घरी भिंतीवर वाजवून दाखवलं होतं. आई ओरडली, शेजारचे येतील म्हणून."

एवढं बोलून तिने हात पुसले आणि गेली. मी आतल्या संडासात गेले आणि दुपारचं सूप, पाव, होतं नव्हतं ते सगळं ओकले.

त्यानंतर मी गेले आमच्या विभागप्रमुखांकडे. त्यांना आम्ही मागून 'स्वल्पविराम' म्हणतो. माणूस दिसायलाही तसाच आहे, किंचित वाकलेला आणि कुठेही पूर्ण न थांबणारा. पेनाच्या टोपणाने कान कोरायची त्यांना सवय आहे, आणि तेच टोपण ते विचार करताना दातांत धरतात. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. प्रतीत चूक आहे असं प्रतिलेखकाने स्वतः लिहून दिलं तर सील उघडतं, तेव्हा मला दुरुस्तीचा अर्ज द्यायचा आहे, आणि तो त्यांच्या सहीने पुढे जायला हवा.

त्यांनी शांतपणे विचारलं, की चूक झाली आहे का. मी म्हटलं, नियमाप्रमाणे नाही.

"चूक नाही तर दुरुस्ती कसली, बाई?"

"साहेब, माणसं होती तिथे. दार ठोकत होती."

"ती माणसं होती हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही प्रतिलेखक आहात, साक्षीदार नाही. आज तुम्ही ठोके लिहा म्हणाल, उद्या जुन्या तीनशे खटल्यांतले वकील येतील, आमच्या साक्षीदाराचा हुंदका कुठे गेला म्हणून विचारतील. देणार आहात काढून?"

यातलं खोटं काहीच नव्हतं, हीच तर शिसारी येण्यासारखी गोष्ट होती. या इमारतीत खोटं असं कुणी फारसं बोलत नाही. नंतर ते मवाळ झाले. मला बसायला खुर्ची दिली. मी इतकी वर्षं किती नीट काम केलं, पुढच्या वर्षी निवृत्त होताना माझ्या नावाने एक छोटं प्रशिक्षण दालन करायचा त्यांचा कसा विचार आहे, हे सांगितलं. आणि मग त्यांनी तोडगा काढला. तळटीप देऊ या, म्हणाले. 'पार्श्वभूमीस यांत्रिक आवाज.' म्हणजे आपण काही लपवलं असंही होणार नाही आणि नियमही मोडणार नाही. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहूनही दिलं, सुरेख अक्षरात.

त्या नऊ जणांना त्यांनी एका तळटिपेत पंप करून टाकलं होतं. आणि त्याहून घाण गोष्ट अशी, की क्षणभर मला हायसं वाटलं. चिठ्ठी मी घेतली.

घरी पोहोचले तेव्हा आमचे हे स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. ते गवंडीकाम करायचे. आता गुडघ्यांनी संप केलाय म्हणून घरात असतात आणि सगळं सावकाश, एकाच सालीत सोलतात. ऑफिसातलं घरी बोलायचं नाही हा नियमही मी बावीस वर्षं पाळला होता. त्या संध्याकाळी मोडला. कोट न काढताच मी सांगत सुटले. देश, हद्द, पुढचा भाग, मागचा भाग, नियम सात, तळटीप. ते ऐकत होते. साल तुटली नाही.

माझं झाल्यावर म्हणाले, "अगं, म्हणजे तू ऐकलंस आणि लिहिलं नाहीस. एवढंच ना?"

"अहो, नियम आहे तसा."

"नियम नाही विचारला मी."

मी चिडले. तुम्हाला काय कळतंय आमच्या कामातलं, असं काहीतरी बोलले. त्यांनी वाद घातला नाही. बटाटे चुलीवर ठेवले आणि माझा कोट माझ्या अंगावरून काढून खुंटीला लावला. कोटाच्या खिशात ती चिठ्ठी होती. मी ती काढून फाडली नाही वगैरे. तिथेच राहू दिली.

चौथा दिवस शेवटचा. दोन्ही बाजूंची भाषणं संपली की निकालाला उठण्याआधी एक उपचार असतो. कारकून उभा राहून विचारतो, "सादर झालेली प्रत पूर्ण आणि खरी आहे, असं प्रतिलेखक प्रमाणित करतात काय?" मी यंत्रावरून मान वर न करता "होय" म्हणते. शेकडो वेळा म्हटलंय. बहुतेक वकील तोवर कागद गोळा करायला लागलेले असतात.

त्या दिवशीही लागले होते. स्वल्पविराम भिंतीशी उभे होते आणि माझ्याकडे बघून त्यांनी हलकेच मान हलवली, तळटिपेची आठवण म्हणून. कारकुनाने विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

कारकुनाने सवयीने 'होय'वर खूण केली होती, ती खोडली. अध्यक्ष न्यायमूर्तींनी चष्म्यावरून बघितलं आणि मी काय म्हणाले ते पुन्हा विचारलं.

"प्रत खरी आहे, पूर्ण नाही. पान दोनशे बारा. संभाषण नाही असं लिहिलंय ते बरोबर आहे. पण दार वाजत होतं. दोन ठोके, थांबून एक. अडतीस मिनिटं. मी ते गाळलं."

पुढे जो गलका झाला तो मी सांगत बसत नाही. बचावाचे वकील म्हणाले, प्रतिलेखक ही साक्षीदार नव्हे; शब्द अगदी आमच्या साहेबांचेच. वकीलबाई इतक्या घाईने उठल्या की पाण्याचा पेला सांडला, आणि सगळ्यांनी आधी मॉडेल उचललं, मग कागद. अध्यक्षांनी सगळ्यांना बसवलं आणि सीलची अट वाचायला लावली. प्रतिलेखकाने प्रत प्रमाणित करायला नकार दिला तर मुद्रण कोर्टापुढे उघडता येईल, असं त्या अटीतच होतं. इतकी वर्षं कुणी नकार दिला नव्हता, म्हणून ते कुणाच्या लक्षात नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी फक्त 'नाही' म्हणायचं ठरवलं होतं, पुढचं काही नाही.

दोन तासांनी मुद्रण लावलं. यंत्रावर माझ्या जागी विभागातली नवी मुलगी बसवली होती, कारण आता मी पक्षपाती होते. मी कडेच्या खुर्चीत होते.

हेडफोनमध्ये ऐकणं आणि सगळ्या दालनात ऐकणं यात फार फरक आहे. ठोके भिंतींतून आल्यासारखे येत होते. दोन आणि एक. दोन आणि एक. पाच मिनिटं सगळे ताठ बसून ऐकत होते. बाराव्या मिनिटाला डावीकडच्या न्यायमूर्तींनी घड्याळ पाहिलं. सोळाव्या मिनिटाला त्यांनी अध्यक्षांना चिठ्ठी सरकवली. नंतर कळलं, की हे पुढे पळवता येईल का, असं विचारलं होतं. अध्यक्षांनी मान हलवून नाही म्हटलं. बचावाच्या वकिलांनी गोळी दाढेखाली फोडली आणि ती फुटल्याचा आवाज दोन ठोक्यांच्या मध्ये नीट ऐकू आला. नव्या मुलीची बोटं यंत्रावर अधांतरी होती. ती स्वल्पविरामांकडे बघत होती, हे लिहायचं की नाही म्हणून, आणि ते जमिनीकडे बघत होते.

मागच्या बाकावर ती बसली होती. गुडघ्यावर तिची बोटं हलत होती. दोन आणि एक.

हवा विरळ होत गेली तसा आवाज लांब जात गेला. आता एकेकजण वाकून कान देत होता. ज्यांना आधी ऐकायचं नव्हतं त्यांनाच आता ते थांबू नये असं वाटत असावं. शेवटी एकच हात उरला. त्याचे दोन ठोके यायचे आणि तिसरा येईल की नाही कळत नसे, मग यायचा. दालनातले सगळे आळीपाळीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, एक जण सोडून. अधिकारी चष्मा पुसत बसला होता. त्याला बघायची गरज नव्हती. किती वेळ लागतो ते त्याला माहीत होतं.

मला उठून त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं. पण थुंकायचं तर मग सगळ्यांवरच थुंकायला हवं होतं, आणि सुरुवात आरशापासून करायला हवी होती. मी बसून राहिले.

अडतिसाव्या मिनिटाला दोन ठोके आले. तिसरा आला नाही. उरलेली तीन मिनिटं नुसती यंत्राची घुर्र चालू होती, आणि तीही अध्यक्षांनी पूर्ण ऐकवली.

आदेश त्याच संध्याकाळी आला. चौथ्या दाराच्या पुढच्या बाजूस जिवंत माणसं होती, त्यांचा मृत्यू तिथेच झाला असं मानायला सबळ आधार आहे, गुन्हा सही केलेल्या देशाच्या हद्दीत येतो, खटला चालेल. अधिकाऱ्याला कोठडीतच ठेवायचं. त्यावर बचावाचे वकील उठले आणि म्हणाले, नोंदीसाठी एवढं घ्यावं, की ठोकणारा हात पुढच्या देशात असला तरी ठोका पडला तो पत्रा मागच्या देशाचा होता. अध्यक्षांनी त्यांना, आवाज न चढवता, खाली बसायला सांगितलं.

बाहेर लांबलचक कॉरिडॉरमध्ये वकीलबाईंनी माझा हात हलवून हलवून दुखवला. तुमच्यामुळे खटला उभा राहिला, म्हणाल्या. आता बाकीची सात स्थानकंही निघतील, म्हणाल्या. विभागातल्या दोघी लांबून बघत होत्या. जवळ यावं की नाही हे त्यांना साहेबांना विचारायचं असावं. मला बरं वाटत होतं, का खोटं बोलू?

मग ती आली. आता मनाई वगैरे तिने मनावर घेतली नाही आणि मीही नाही. तिने माझे दोन्ही हात हातांत घेतले. तिचे तळवे इस्त्रीने राठ झालेले आणि ऊबदार होते.

"शेवटी एकटा वाजवत होता ना, तो माझा भाऊच असणार," ती म्हणाली. "आमच्यात सगळ्यात चिवट तोच."

मी म्हटलं, असेल.

"ताई, तुम्ही हे पहिल्यांदा कधी ऐकलंत?"

"चौदा महिने झाले."

"सगळं ऐकलंत? शेवटपर्यंत?"

"सगळं. दोनदा. आमच्याकडे दोनदा ऐकतात."

तिने मान हलवली. हात अजून धरलेले होते.

"आणि मग काय केलंत?"

काहीतरी बरं सांगता आलं असतं. खूप रडले, झोप लागली नाही, तेव्हापासून मन खात होतं. पण त्या दिवशी मी एकदा पूर्ण काय ते सांगितलं होतं आणि आता मला दुसरं काही सुचेना.

"एक ओळ लिहिली. सही केली," मी म्हटलं. "जेवायची सुट्टी झाली होती. जेवायला गेले."

तिने हात झटकले असते तर मला सोसलं असतं. तिने ते हळूच सोडले. मग तिने आपले दोन्ही तळवे त्या इस्त्रीच्या जाकिटाला पुसले, एकदा भरभर आणि नंतर पुन्हा एकदा नीट, बोटांच्या बेचक्यांतून, आणि जिना उतरून गेली.